गाऱ्हाण्यातली भागीदारी

जेवण जरा जास्तच झालेलं आहे. सोलकढीची दुसरी वाटी नको म्हणायला हवी होती. प्रशिक्षण केंद्राच्या पाहुण्यांच्या खोलीत मला एकट्याला बसवून करंगुटकर मॅडम गेल्या आहेत. माझं भाषण अडीचला, म्हणजे अजून चाळीस मिनिटं. खुर्ची प्लास्टिकची, पण हात टेकायला जागा आहे. पंखा फिरतो आणि दर फेरीला कुठेतरी घासतो. भिंतीपलीकडच्या वर्गात कुणीतरी बाई खेळतं भांडवल शिकवतायत. बारा दिवसांचा वर्ग आहे, नवा उद्योग सुरू करू पाहणारी तीस माणसं आहेत, आणि दर वर्गाला एक दिवस 'यशस्वी उद्योजकाचे अनुभव' असतात. ते यशस्वी उद्योजक म्हणजे मी, गुरुनाथ धुरी, काजूवाला. ही माझी आठवी खेप. भाषण तोंडपाठ आहे, त्यामुळे झोपायला हरकत नाही.

मी डोळे मिटतो. पलीकडच्या बाई विचारतात, स्थिर भांडवल म्हणजे काय, कोण सांगेल?

"झाडां," मागच्या बाकावरून उत्तर येतं.

हा आवाज मला ओळखीचा आहे. आंबेरकरीण काकीचा आहे. काकी जाऊन दोन वर्षं झाली. मी डोळे उघडत नाही, पण तरी दिसायला लागतं. वर्ग दिसतो, आणि शिकवणाऱ्या बाई कुठेच नाहीत. फळ्यापुढे मीच उभा आहे, हातात डस्टर. मागच्या बाकावर काकी बसली आहे, पदर कमरेला खोचून, शाळेतल्या मुलीसारखा एक हात वर करून.

मी म्हणतो, काकी, तू हय कशी?

"शिकूक इलंय. तू शिकवतंस म्हणान आयकलंय."

आता इथे मला आनंद व्हायला हवा होता. काकीसोबत सात वर्षं काम केलं, तिच्या हाताखाली काजू शिकलो. बी नीट वाळली की कानाशी कशी खुळखुळते, वाफेला किती वेळ ठेवायची, पाय मारून फोडायच्या यंत्रावर बी कुठल्या अंगाने धरायची म्हणजे गर अख्खा निघतो, हे सगळं मला तिने दाखवलं. मी बी.कॉम. झालेला, मला तोपर्यंत काजू फक्त पुडीतला ठाऊक होता. अशी बाई परत दिसल्यावर माणसाने पाया पडावं. मी मात्र डस्टर पाठीमागे लपवतो. चोरी पकडल्यासारखं वाटतं.

ती म्हणते, सुरू कर, तुझा वर्ग थांबलाय. खरंच तीसच्या तीस माणसं वह्या उघडून बसली आहेत. मग मी सुरू करतो, कारण तेवढं मला येतं. पहिल्या वर्षी बँकेने कर्ज दिलं नाही, तारण नव्हतं. काजूच्या धंद्यात तर वर्षभराची बी अडीच महिन्यांत विकत घ्यावी लागते, आणि गर विकला जातो हळूहळू, वर्षभर. म्हणजे सगळा पैसा आधी आणि मिळकत मागून. मग मी काय केलं? मी वाडीत फिरलो. दारोदार गेलो. पुरवठादारांशी विश्वासाचं नातं उभं केलं आणि पहिल्या हंगामाचा माल उधारीवर मिळवला. इथे मी नेहमी थांबतो. इथे टाळ्या येतात.

आज टाळ्या येत नाहीत. काकीने परत हात वर केला आहे.

"तू फिरलंस?" ती विचारते.

खोचक विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर ठोकलं असतं, व्यापाऱ्याला तेवढं येतंच. पण ती खरंच विचारते. तिला वाटतं, आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी घडलं असेल, गुरू आणखी कुठल्या वाडीत फिरला असेल.

वर्गाचं दार उघडं आहे आणि दारातून पायवाट वर जाते. पायाखाली जांभा दगड, दोन्हीकडे काजूची झाडं, खाली पडलेल्या काजूबोंडांचा आंबूस वास. काकी पुढे, मी मागे. माझ्या खांद्यावर रिकामी पोती आणि हातात वजनाचा ताणकाटा. पहिलं घर येतं. मी तोंड उघडायच्या आत घरातला म्हातारा काकीकडे बघतो, माझ्याकडे बघतच नाही.

काकी म्हणते, "बी देवा. पैशे दिवाळेक. शब्द माझो."

म्हातारा आत जातो आणि पोतं ओढत बाहेर आणतो. दुसरं घर, तसंच. तिसरं घर, तसंच. एकूण बावीस घरं, मी आता मोजतो. त्या वेळी मोजली नव्हती, त्या वेळी मी फक्त वजन करत होतो. एकाही घरात मी बोलत नाही. एकाही घरात मला कुणी तू कोण म्हणून विचारत नाही. तेविसावं दार तिचं स्वतःचं. साठ झाडांची सगळी बी ती माझ्या पोत्यात ओतते. साडेतीन टन माल उभा राहिला त्या हंगामात, आणि त्यात माझं पदरचं काय होतं म्हणाल तर पोती. तीसुद्धा अर्धी उसनी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी, आणि सात वर्ग झाले, मी लोकांना बीळ कसं खणावं ते शिकवतो आहे.

हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. फक्त सांगताना पहिल्यांदा 'आम्ही' म्हणायचो, मग एकदा चुकून 'मी' म्हणालो, आणि ते तोंडात नीट बसलं.

काकी पायवाटेवर थांबत नाही. ती उतरते, आणि खाली काजू फोडायची शेड आहे, नवा पत्रा चमकतोय, समोर माणसं जमली आहेत. म्हणजे आज शेड सुरू करायचा दिवस. जमिनीवर पान, पानावर नारळ. वाडीतले जाणते भाऊ मेस्त्री हात जोडून उभे आहेत आणि गाऱ्हाणं घालायला लागतात. बाहेरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटेल. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना जाणता माणूस नारळ ठेवून, काय करतोय, कोण कोण करतोय, ते गावाच्या राखणदार देवाला सगळ्यांदेखत मोठ्याने सांगतो. जमलेल्यांनी हो म्हणायचं असतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या गुरुनाथान आणि आंबेरकरणीन हय काजीचो धंदो मांडल्यानी हा. बारा आणे तेचे, चार आणे तिचे. तेंका येस दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणतात. मीही म्हणतो. माझा आवाज त्यात चांगला मोठा आहे.

काकीच्या लेखी भागीदारी झाली. देवासमोर झाली, बावीस घरांसमोर झाली, आता आणखी कुठे जाऊन करायची? माझ्या लेखी तो नारळ होता. सोमवारी मी तालुक्याला गेलो आणि नोंदणी केली. मालकाच्या रकान्यात एक नाव लिहिलं. कारकुनाने विचारलं होतं, भागीदार वगैरे कुणी? मी म्हणालो, नाही. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलं नाही. गाऱ्हाणं वेगळं, फॉर्म वेगळा, शिकलेल्या माणसाला एवढा फरक कळतोच की.

गाऱ्हाणं संपतं आणि माणसं पांगतात. नारळ कुणी फोडला ते कळत नाही, पण खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात आहे. काकी परत पायवाटेने वर चालली आहे. मी म्हणतो, काकी, फिरलो ना आपण सगळीकडे, आता कुठे? ती म्हणते, "दुसरा वर्ष."

दुसऱ्या वर्षाचं मी वर्गात सांगतो, पण वेगळ्या तऱ्हेने. गणपतीपासून दिवाळीपर्यंत सगळा गर चढ्या भावाने गेला. हातात एवढा पैसा मी जन्मात पाहिला नव्हता. निम्मा बी दिलेल्या घरांना वाटला, उरलेल्याचा टेम्पो घेतला. काकी म्हणाली होती, बियेचा पैसा बियेलाच ठेवायचा, त्याला दुसरं तोंड दाखवायचं नाही. मी तिला म्हणालो, धंदा वाढवायचा तर गाडी हवी. फेब्रुवारीत बी पडायला लागली तेव्हा माझ्याकडे टेम्पो होता आणि त्यात भरायला काही नव्हतं. वर्गात हे मी 'माझी चूक आणि मी त्यातून काय शिकलो' या नावाखाली सांगतो. खेळत्या भांडवलातून वाहन घेऊ नका, नियम पहिला. लोक लिहून घेतात. नियम कुणाचा ते मी सांगत नाही.

त्या वर्षी काकी एकटी फिरली. मी टेम्पो घेऊन खाली रस्त्यावर थांबायचो, ती वरून पोती पाठवायची. त्या वर्षीची दारं मी बघितली नव्हती. आज बघतो. तिच्या मागे उभा आहे आणि तो पहिल्या घरातला म्हातारा आज पोतं आणायला आत जात नाही.

"गेल्या वर्षाचे अर्धे पैशे खंय असत?" तो काकीला विचारतो.

"देतलो तो. नाय दिल्यान तर मी असंय मा."

दुसऱ्या घरी दार अर्धंच उघडतं. तिसऱ्या घरी बाई ऐकू येईल अशा आवाजात बोलते, आंबेरकरणीला आता धंदेवाल्यांची हवा लागली. काकी ऐकून घेते आणि परत तेच म्हणते, मी असंय मा. पंधरा घरं देतात, सात देत नाहीत. त्या सातांपैकी दोन घरांनी तिला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं, हे तिच्या मुलीने मला फार नंतर सांगितलं. मी सगळ्यांचे पैसे फेडले, पुढच्या गणपतीपर्यंत. ते मी वर्गात अभिमानाने सांगतो. पण आज तिथे पायरीखाली उभा राहून मला इतकी लाज वाटते की मी झाडाच्या मागे सरकतो. कुणी मला बघत नसतानाही सरकतो.

झाडाच्या मागे माझा बोर्ड आहे. हिरव्यावर पिवळी अक्षरं, 'गुरुनाथ कॅश्यूज'. काकी त्याच्याखाली उभी राहून वर बघते आहे. हे मात्र स्वप्न नव्हे, हे घडलेलं आहे, पाचव्या वर्षी, दुपारच्या सुट्टीत. तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवलं होतं. ती विचारते, माझं नाव कुठे लावशील? आणि मी बोलू नये म्हणून दात घट्ट आवळतो, पण तोंडातून येतंच.

"काकी, तुझा नाव लावूचा तर बोर्ड मोठो करूक व्हयो."

शेडमधल्या सगळ्या बायका हसतात. काकीही हसते. हसत हसत आत जाते आणि यंत्रावर बसते. त्या दिवसानंतर तिने मला चार आण्यांचं कधी विचारलं नाही. ती रोजावर आली, रोजावर गेली. ती गेली तेव्हा मी दिल्लीला प्रदर्शनात होतो. ड्रायव्हरबरोबर पाच हजार पाठवले आणि बाराव्याला यायचं ठरवलं, ते राहिलं. तिची मुलगी सुवर्णा माझ्याकडेच गर निवडायला बसते. आई गेल्यावर मी तिचा रोज दहा रुपयांनी वाढवला. त्या रात्री मला फार छान झोप लागली होती, हेसुद्धा सांगून टाकतो.

"हसान झाला?" काकी म्हणते. आम्ही परत वर्गात आहोत. ती मागच्या बाकावरून उठून पहिल्या बाकावर आली आहे. "आता माका भागीदारीचो कागद कसो करतत ता शिकव."

हे मला येतं. याचा तर एक तास मी स्वतंत्र घेतो. कागद माझ्यापुढे आलाच आहे, स्टॅम्प पेपर, हिरवट. मी भराभर लिहितो, कारण मला वाटतं, हे एकदा लिहून टाकलं की सुटलो. पक्ष पहिला, गुरुनाथ अनंत धुरी, वय छेचाळीस, धंदा व्यापार. हिस्सा बारा आणे, म्हणजे पंचाहत्तर टक्के. पक्ष दुसरा.

पेन थांबतं.

आंबेरी हे तिचं माहेर. तिथून आली म्हणून वाडी तिला आंबेरकरीण म्हणायची, गाऱ्हाण्यातसुद्धा तेच आलं. मी काकी म्हणायचो. मी हाताशी असलेलं रोजाचं रजिस्टर उघडतो. काकी, सहा दिवस. काकी, पाच दिवस. काकी, सहा दिवस. पानं उलटतो, सात वर्षांची पानं, सगळीकडे माझ्याच अक्षरात काकी. आख्ख्या धंद्यात एकाही कागदावर तिचं नाव नाही आणि ते लिहायचं म्हटलं तर मला ते माहीतही नाही. तीस माणसं वह्या उघडून बसली आहेत. पक्ष दुसरा काय लिहायचं, याची वाट बघतायत.

मी शेवटी विचारतो. दुसरा इलाज नसतो.

"काकी, तुझा नाव काय?"

ती रागावत नाही. ती चकित होते, आणि ते रागापेक्षा वाईट आहे.

"तुका म्हायत नाय?"

मी मान हलवतो. मला वाटतं, आता सांगेल. ती सांगत नाही. समोरचा कागद उचलून बाजूला ठेवते, जसं एखाद्या नवख्या बाईने चुकीचा निवडलेला गर ती बाजूला काढायची.

"ऱ्हवांदे. हात फुडे कर."

मी दोन्ही हात पुढे करतो. बाकाच्या जागी फोडायचं यंत्र आहे आणि यंत्राशेजारी नारळाच्या करवंटीत चुलीतली राख. काजूच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की बिब्ब्यासारखं उततं, फोड येतात, कातडी सोलवटते. म्हणून फोडणाऱ्या बायका आधी हाताला राख चोळून घेतात. काकी माझ्या तळव्यावर राख टाकते आणि चोळते. अंगठ्याने दाबून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेने. राख कोमट आहे. तिची बोटं खरखरीत आहेत, टोकं तेलाने काळी पडलेली. इतक्या वर्षांत माझे हात मऊ झाले आहेत, ते तिला कळतं, आणि तिला कळलं हे मला कळतं. मी म्हणतो, काकी, चुकलो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणतो.

ती म्हणते, "राखेशिवाय बियेक हात लावूचो नाय. बस, आता पयल्यापासून शीक."

मी यंत्रावर बसतो. पहिली बी धरतो. पाय खाली दाबतो.

पंखा घासतो. करंगुटकर मॅडम दारात उभ्या आहेत. सर, अडीच वाजले, मुलं बसलीत, असं म्हणतात. मी उठायला म्हणून खुर्चीचे हात धरतो आणि पांढऱ्या प्लास्टिकवर करडे पंजे उमटतात.

मी हात उलटे करून बघतो. तळव्यांवर राख आहे. रेषांमध्ये बसलेली, बेचक्यांत, नखांच्या कडेने. मी वास घेतो, चुलीचा येतो. या केंद्रात चूल नाही, जेवण गाडीतून डब्यांत येतं. खोलीत एक टेबल आहे, पाण्याचा जग आहे आणि मी आहे. मॅडम विचारतात, बरं वाटत नाही का? मी त्यांच्याकडे दोन मिनिटं मागतो आणि खिशातून फोन काढतो.

सुवर्णा उचलते. मागे गर चाळणीत ओतल्याचा आवाज येतोय.

"बोला, दादा."

"सुवर्णा, काकीचा नाव काय होता?"

"खंयच्या काकीचा?"

"तुझ्या आवशीचा."

चाळणीचा आवाज थांबतो. तिला ऐकू आलं नसेल असं वाटून मी परत विचारणार, एवढ्यात ती सांगते.

"शेवंती. शेवंती भिवा परब." मग म्हणते, "रेशन कार्डार असा. दुसऱ्या खंयच्या कागदार नाय. आज कित्याक विचारतास?"

मी तिला सांगतो. नीट जमत नाही, वाक्यं पुढेमागे होतात. गाऱ्हाण्याचं सांगतो, ते तिला माहीत आहे, ती तेव्हा तिथेच होती. चार आण्यांचं सांगतो. इतक्या वर्षांचा हिशेब लावून तिच्या आईचा हिस्सा तिच्या नावावर करीन म्हणतो. बोलता बोलता माझा आवाज जरा मोठा होतो, सवयीने, जसा वर्गात टाळ्यांच्या आधी होतो, आणि मी म्हणतो, सुवर्णा, हा माझा शब्द आहे.

"शब्द नको, दादा," ती म्हणते. "शब्द आवशीन दिल्यान, तितको पुरे. तुमी कागद घेवन येवा."

ती फोन ठेवते. फोनला राख लागली आहे, माझ्या कानालाही लागली असणार, कारण मॅडम तिकडेच बघतायत. बेसिन डाव्या बाजूला आहे, हात धुऊन घ्या हवं तर, असं त्या सुचवतात. मी नको म्हणतो आणि तसाच वर्गात जातो.